खेळीपुढची ओळ

मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एकुलत्या एका खिडकीपाशी, तेवीस वर्षं. हाताला अशी सफाई की डॉक्टरीणबाई त्यांना मास्तर म्हणायला लागल्या आणि मग सगळा दवाखानाच म्हणायला लागला. पुढच्या खोलीत माणसं यायची, कण्हायची, जायची. मास्तरांपर्यंत पोचायचे ते फक्त त्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, चिठ्ठी चिकटवलेले. फळीवर चाळीस-पन्नास जबडे कायम आ वासून बसलेले असत. त्यातल्या एकाचाही चेहरा मास्तरांना ठाऊक नसे.

आई गेली आणि संध्याकाळचे सहा ते आठ हे दोन तास त्यांना खायला उठू लागले. त्या वेळात ते आईला भरवायचे, तिची उशी उंच करायचे, तिच्या त्याच त्या गोष्टी ऐकायचे. आता कुलूप काढून आत आलं की पंख्याची घरघर तेवढी. थोरली बहीण, ताई, दुसऱ्या गावी. दर रविवारी चारला तिचा फोन यायचा.

"काहीतरी नाद लावून घे," ताई म्हणाली. "भिंतींशी बोलायला लागशील नाहीतर."

नाद लागला तो बुद्धिबळाचा, संगणकावरच्या. पडद्यावर पट, समोर कुठलासा अनोळखी माणूस, आणि नावापुढे आपली लायकी सांगणारा एक आकडा. मास्तरांचा आकडा सहाशे बारा होता, म्हणजे जवळजवळ तळाचा. पहिल्या चाळीस डावांपैकी त्यांनी एकतीस घालवले. एकानं तर सहाव्या खेळीत मात करून वर हसरा चेहरा पाठवला.

"मास्तर तर आहेसच," ताई फोनवर हसली. "ग्रँडमास्टर कधी होतोस?"

जबड्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूकही जो सोडत नाही, त्यानं वजीर फुकट घालवावा, हे मास्तरांना सहन होईना. त्यांनी कवळी करायला घ्यावी तसं काम हाती घेतलं. पाच मिनिटांचे झटपट डाव बंद. रोज एकच डाव, अर्ध्या तासाचा. खेळी सुचली की लगेच खेळायची नाही, हात आपोआप पुढे जाऊ नये म्हणून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "याला काय हवंय?" डाव हरला की संगणकाचं उत्तर बघण्याआधी स्वतःची चूक स्वतः शोधायची. प्रत्येक खेळीपुढे टिपणासाठी एक अरुंद रकाना होता. तो दुसऱ्या कुणाला दिसत नसे. मास्तर त्यात लिहीत: 'घाई.' 'उंट दिसला नाही.' 'प्याद्याच्या मोहात पडलो.' चार महिन्यांत सहाशे बाराचे सातशे नव्वद झाले.

एका गुरुवारी त्यांनी आदल्या दिवशीचा हरलेला डाव उघडला, तर अकराव्या खेळीपुढे आधीच एक ओळ होती.

'हत्तीकडे बघत राहिलास. उंट विसरलास.'

बरोबर होतं. तसंच झालं होतं. लिहिलं असेल आपणच आणि विसरलो असू, असं म्हणून मास्तर पुढे गेले. रात्री दात घासताना मात्र एक बारीकशी गोष्ट खटकली. ते स्वतःला कधी 'तू' म्हणत नसत.

पुढच्या डावात दोन ओळी होत्या. एक उंटाबद्दल. दुसरी अशी: 'पाणी प्यायला उठलास. तेवढ्यात धागा तुटला.'

ते उठले होते. स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या अर्धा पेला पाणी प्यायले होते.

मास्तर घाबरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पासवर्ड बदलला. पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्याच्या टिचभर डोळ्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली. दोन दिवसांनी टीप आली: 'पट्टी वाकडी लागली आहे.' मग त्यांनी खेळ चालवणाऱ्यांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. सगळ्या नोंदी तुमच्याच संगणकावरून, तुमच्याच नावानं झालेल्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय प्रत्येक नोंद ती खेळी खेळली गेली त्याच मिनिटाला झालेली आहे.

त्या मिनिटांना मास्तरांचे दोन्ही तळवे मांडीखाली असत.

त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं, थोडं हसत, थोडं आडून.

"दमलाय तुम्ही, मास्तर," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलं की आपण स्वतःशी बोलतो. माझे वडील गेले तेव्हा मीसुद्धा बोलायचे. होईल कमी."

कमी झालं नाही. आणि खरं सांगायचं तर काही दिवसांनी ते कमी व्हावं असं मास्तरांना वाटेनासं झालं. एक म्हणजे टिपा अचूक असत. कुठे हात थरथरला, कुठे जिंकत असताना भीती वाटली, कुठे समोरच्याच्या आकड्याला उगाच बिचकलो, सगळं नेमकं. आकडा नऊशेवर गेला, मग अकराशेवर. दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. आपण पाणी प्यायला उठतो, खुर्ची पुढे ओढतो, उसासा टाकतो, याची दखल घेणारं घरात कुणीतरी होतं. आई गेल्यापासून त्यांना 'तू' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते रविवारी चारला फोन करायचं.

एका रविवारी डाव ऐन रंगात होता. फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. मास्तर डाव जिंकले. नंतर बघतात तो अठराव्या खेळीपुढे ओळ:

'फोन वाजला. उचलला नाहीस. बरं केलंस.'

'बरं केलंस' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. ताईला उलट फोन करायचा राहिलाच. बुधवारी तिनंच केला.

"रविवारी कुठे होतास?"

"डावात होतो."

"कुणाबरोबर?"

समोरच्या खेळाडूचं नाव मास्तरांना आठवेना. खरं तर ते आठवावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पुढचे दोन रविवारही फोन वाजून थांबला.

त्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्याच्या मागच्या खोलीचं दार कुणीतरी ढकललं. सत्तरीच्या बाई, ताठ पाठीच्या, खांद्याला कापडी पिशवी.

"ही कवळी कुणी केली? मला त्यांना बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांनी कडक काही चावून खाल्लं मी."

मास्तर गोंधळले. हा जबडा ते दोन महिने हातात फिरवत होते. डावीकडची झीज त्यांना तोंडपाठ होती. त्याला आता डोळे होते, कपाळ होतं. बाई पूर्वी सरकारी कचेरीत नकाशे काढत. खिडकीशेजारी मास्तरांनी बुद्धिबळाच्या कोड्याचा एक कागद चिकटवला होता, तो त्यांनी चष्मा वर करून निरखला.

"पांढऱ्याची खेळी ना? घोडा मारायचा. मग राजाला जागाच नाही." आणि वळून म्हणाल्या, "शनिवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही चारपाच जण खेळतो. खऱ्या पटावर. या."

मास्तर गेले. लाकडी सोंगट्यांना वजन असतं हे ते विसरूनच गेले होते. नकाशेवाल्या बाई पांढऱ्या घेऊन बसल्या. खेळताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. नवव्या खेळीला मास्तरांनी घोडा कडेला नेला तेव्हा त्या हसल्या, आणि मास्तरही हसले. बारा वाजले तेव्हा बाविसावी खेळी झाली होती. व्यायामाच्या वर्गाच्या बायका चटया घेऊन दारात उभ्या होत्या. बाईंनी पटाची स्थिती वहीत उतरवून घेतली.

"पुढच्या शनिवारी इथूनच पुढे. पळून जायचं नाही," त्या म्हणाल्या. "शिकलात कुठे एवढं?"

मास्तरांनी संगणकावरच्या त्या खेळाचं नाव सांगितलं. बाईंनी तेही वहीत टिपून घेतलं.

घरी येऊन ते पोटभर जेवले. दुपारचे दोन वाजले होते, उन्हाचा पट्टा थेट टेबलावर आला होता. सहज म्हणून त्यांनी संगणक उघडला.

यादीत सगळ्यात वर एक नवा डाव होता. एका बाजूला त्यांचं नाव, दुसऱ्या बाजूची जागा कोरी. त्यांनी तो उघडला. सकाळचाच डाव होता, एकूण एक खेळी. मास्तरांनी त्या कुठेही लिहिल्या नव्हत्या.

नववी खेळी: 'ती हसली. तू पटावरून नजर काढलीस.'

पंधरावी: 'ती गुणगुणते. ऐकू नकोस.'

बाविसावी: 'चटया आल्या.'

डाव तिथे संपत नव्हता.

तेविसावी, चोविसावी, पंचविसावी. मास्तर एकेक खेळी बघत गेले. काळ्यानं घोडा बळी दिला होता, मग हत्ती. इतका देखणा डाव ते आजवर खेळले नव्हते. त्यातली एकही खेळी परकी वाटत नव्हती. वेळ दिला असता तर प्रत्येक खेळी त्यांना स्वतःलाच सुचली असती. एकतिसाव्या खेळीला मात होती. तिच्यापुढे लिहिलं होतं:

'जिंकलास. ती उठली नाही.'

उन्हाचा पट्टा टेबलावरून खाली जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"अगं बाई, लागला एकदाचा," ताई म्हणाली.

"ताई, तू जरा वेळ बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

ताईनं काही विचारलं नाही. ती गुडघ्यांबद्दल बोलली, शेजाऱ्यांच्या गळक्या टाकीबद्दल बोलली, जावयाच्या घोरण्याबद्दल बोलली. चाळीस मिनिटं. फोन ठेवल्यावर मास्तरांनी आपलं खातं कायमचं बंद केलं, आणि संगणक कपाटात, आईच्या शालींखाली ठेवून दिला.

मंगळवारी त्यांनी दवाखान्याच्या कागदांतून बाईंचा नंबर काढून फोन लावला.

"शनिवारी मला जमलं नाही तर?"

"तर त्याच्या पुढच्या शनिवारी. पट कुठे जातोय?" बाई म्हणाल्या. मग आवाज थोडा खाली आला. "पण या हो. आठवडाभर मी त्या दोन तासांचीच वाट बघते."

"येतो," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. आणि मग वाटलं, यात अवघड काय आहे? पडद्यावरच्या त्या खेळ्या खेळायच्या नाहीत, झालं.

शनिवारी बाईंनी वहीतून पट मांडला. थोडा विचार केला. तेविसावी खेळी खेळल्या.

पडद्यावर दिसली होती तीच.

मास्तरांचा हात घोड्याकडे निघाला होता. त्यांनी तो मागे घेतला. वजीर उचलला आणि एका प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

बाईंनी चष्मा वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"बघून खेळलात?"

"हो."

बाईंनी वजीर घेतला. आणखी तीन खेळ्या झाल्या. मास्तरांनी हार मानून आपला राजा आडवा केला.

बाई हलल्या नाहीत.

त्यांची नजर पटावर होती. हात मांडीवर. गुणगुणणं थांबलं होतं.

"बाई?"

उत्तर नाही.

मग बाईंनी हात पुढे केला आणि सोंगट्या एकेक करून डब्यात भरायला घेतल्या. प्यादी आधी, राजे शेवटी. डब्याचं झाकण लावलं. टेबलाला धरून उठल्या.

मास्तरांनी श्वास सोडला तो शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेला असेल.

दोघं बसथांब्यापर्यंत चालत आले. स्वच्छ ऊन होतं. मास्तरांना कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली होती. संध्याकाळी ताईला आपणहून फोन करावा, तिच्याकडे चार दिवस राहून यावं, असं काय काय त्यांच्या मनात येत होतं.

"तुम्ही सांगितलंत ना, तिथे मीही नाव घातलं," बाई म्हणाल्या. "गेल्या रविवारीच. संध्याकाळी बसले आणि म्हटलं, बघू तरी."

"बरं," मास्तर म्हणाले.

"हरतेच आहे म्हणा. पण मला सगळ्यात काय आवडलं सांगू? खेळीपुढे ते लिहून येतं ना, ते."

मास्तर त्यांच्याकडे वळले.

"काय लिहून येतं?"

"ते हो. 'इथे घाबरलीस.' 'इथे चष्मा पुसलास.' कसं मायेनं लिहितात." बाई रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "हे गेल्यापासून मला एकेरीत हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं हो."

बस आली. दार उघडलं. बाईंनी दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला.

"आजचं काही होतं?" मास्तरांनी विचारलं.

"हो, सकाळीच. 'आज तो मुद्दाम चुकेल. चुकू दे.' मला वाटलं तुम्हीच गंमत केलीत." त्या वर चढल्या आणि वळल्या. "पुढच्या शनिवारचंही आलंय. ते मात्र मी अजून वाचलं नाही. मजा जाते ना."