समुद्राला लावलेला कान

दाट धुक्यात हरवलेली होडी कशी शोधायची? डोळ्यांनी नाही, हे तर उघडच आहे. मग कशानं?

सन २०६१. मालवणजवळच्या एका धक्क्यावर अकरा वर्षांची केतकी याच प्रश्नानं रडकुंडीला आली होती. तिची जयवंतीमावशी सकाळी एकटीच जाळी काढायला गेली होती. 'इंजिन बंद पडलां' एवढा निरोप आला आणि तिचा रेडिओ मुका झाला. चार होड्या मदतीला सज्ज होत्या, पण जायचं कुठल्या दिशेला?

धक्क्यावरचा यंत्रमानव नीर कालच कामावर रुजू झाला होता. तीन दिवस ऊन नव्हतं, त्यामुळे त्याच्या सौर बॅटरीत एकच यंत्र दहा मिनिटं चालेल एवढीच वीज उरली होती. यंत्रं मात्र तीन: मेगाफोन, सोनार आणि हायड्रोफोन.

"कुठलं लावू?" नीरनं विचारलं. "मावशी आत्ता काय करत असेल, ते मला ठाऊक नाही. तुला असेल."

"माका ह्या नावांचा कायच कळणा नाय!"

"त्यांचं काम त्यांच्या नावातच आहे. फोन हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ आवाज. टेली म्हणजे दूर, म्हणून टेलिफोन. मेगा म्हणजे मोठा. मेगाफोन आपला आवाज मोठा करतो."

"पण तिचो आवाज आमका खंय येतलो?"

"खरं आहे. सोनारचं घराणं लॅटिन. सोनस म्हणजे ध्वनी. संस्कृतातला 'स्वन' त्याचा चुलतभाऊ. सोनसपासून इंग्रजीत साउंड आला आणि 'ध्वनीनं मार्ग व अंतर शोधणं' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून सोनार झाला. तो पाण्यात ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची (आपटून परत येणाऱ्या आवाजाची) वाट बघतो."

"हंय तर खडकच खडक! सगळेच जबाब देतले."

"उरला हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र). ग्रीकमध्ये हायडॉर म्हणजे पाणी. हा बोलत नाही, नुसता ऐकतो. पण इंजिन बंद आहे. ऐकायचं काय?"

नीरनं कोशांमागून कोश पाठ केले होते, पण वल्हं कधी हातात धरलं नव्हतं. केतकीनं धरलं होतं. जाळं लावलं की होडीच्या फळ्यांवर वल्ह्यानं ठोके मारायचे, म्हणजे मासे बिचकून जाळ्याकडे पळतात. अडचणीत सापडलीस तर तेच ठोके थांबून थांबून मार, असं मावशीनंच तिला शिकवलं होतं.

"हायड्रोफोन लाव!" ती ओरडली.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि दूरवर पोचतो. धक्क्याच्या दोन्ही टोकांना पाण्यात एकेक हायड्रोफोन होता. ज्याला आवाज आधी पोचेल, त्या बाजूला होडी; किती आधी पोचला, त्यावरून नेमकी दिशा.

एक मिनिट गेलं. चार गेली. सात गेली. नुसतं पाणी खळखळत होतं, आणि आपण चुकलो की काय, असं केतकीला वाटू लागलं.

ठक्, ठक्... ठक्.

"नैर्ऋत्येला!" नीर म्हणाला. होड्या सुटल्या.

तासाभरानं त्यांनी मावशीची होडी ओढत आणली. तोवर ऊन पडलं होतं आणि नीरनं किनाऱ्यावरच्या सगळ्या यंत्रमानवांना कळवलं होतं की वीज कितीही कमी असली तरी हायड्रोफोन चालू ठेवा. मावशीच्या तळव्यांना फोड आले होते.

"थांबान थांबान ठोके मारी होतंय," ती म्हणाली, "पण एवढ्या दर्यात आयकता कोण, असां वाटला."

केतकीनं तिला घट्ट मिठी मारली.

"आमी आयकत होतंव."