शेजारतीच्या चालीवर जनरेटर

"वहिनी, जोवर हा देवराम आंबिवलीत आहे, तोवर तुमच्या अंड्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही," शेजारच्या देवरामकाकांनी आत्याला जाहीर केलं.

अंड्यांना केस नसतात हे नील सांगणार, तेवढ्यात अंडी उबवायच्या यंत्रातला दिवा विझला.

दिवाळीच्या सुट्टीत संचिता आणि तिचा धाकटा भाऊ नील दिवा गावाहून आंबिवलीला रंगूबाई आत्याकडे आले होते. आत्याच्या शेडपर्यंत विजेची तार पोचलेली नव्हती. छपरावर सौर पॅनेल, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर, त्यावर हे यंत्र. पावसाळा सरता सरता रोग येऊन आत्याच्या सगळ्या गावठी कोंबड्या गेल्या. मागे उरली ही चाळीस अंडी. आज विसावा दिवस, उद्या पिल्लं. आणि तीन दिवस आभाळ असं दाटलेलं की बॅटरी पार रिकामी.

म्हणून काकांनी गणपती मंडळाचा जनरेटर आणला होता. तो धडधडत होता झकास, पण इन्व्हर्टर त्याची वीज घेईना. टक् वाजायचं, लाल दिवा लागायचा, संपलं.

ठाण्यातल्या खोपटचा इन्व्हर्टरवाला फोनवर म्हणाला, "जनरेटर बदला." कल्याणचा जनरेटरवाला म्हणाला, "इन्व्हर्टर बदला." दोघेही अत्यंत सभ्यपणे बोलले.

"यंत्र थेट जनरेटरला जोडू ना," नील म्हणाला.

"सकाळी जोडलेलं. बल्ब उडाला," आत्या म्हणाली. "आता हा शेवटचा."

काकांनी जनरेटरला दोन थपडा मारल्या आणि इन्व्हर्टरला नमस्कार केला. दोघांवरही परिणाम झाला नाही. आत्याने यंत्रावर गोधडी टाकली आणि ऊब जाऊ नये म्हणून कडा खोचल्या.

संचिताने एक अंडं कानाशी धरलं. आतून कुणीतरी कवचाला टोचत होतं. त्याला काय सांगणार? थांब जरा, मोठी माणसं फोनवर आहेत?

काकांना हात धुवायचे होते. त्यांनी पाण्याचा पंप जनरेटरला जोडला. जनरेटरचा आवाज खाली बसला. आणि इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. हात धुऊन झाले, पंप बंद, पुन्हा लाल.

"ताई, पाहिलंस?" नील कुजबुजला. "पंप लावला की हा खूश होतो."

"खूश नाही. आकडा बघ." इन्व्हर्टरच्या पडद्यावर सत्तावन्न हर्ट्झ दिसत होतं. पंप पुन्हा लावला, त्रेपन्न. बंद केला, परत सत्तावन्न. संचिताने खोपटला फोन लावला.

"पंचावन्नच्या वर तो घेतच नाही," माणूस म्हणाला. "म्हणजे जनरेटर जास्त पळतोय. हे आधी का नाही विचारलंत?"

संचिता काकांकडे वळली. "काका, हा एवढा जोरात का पळतो?"

काकांची छाती फुगली. "पळणारच. आरतीला स्पीकर सुरू झाला की लाइटिंग मंद व्हायची. म्हणून मीच वेगाचा स्क्रू पिळून ठेवलाय. दहा दिवसांत एक दिवा लवला नाही."

नीलने तोंड उघडलं. संचिताने त्याच्या पायावर पाय ठेवला. मोठ्यांना चूक दाखवली की ते चूक सोडून दाखवणाऱ्याला धरतात, हा तिचा शाळेतला अनुभव.

"आरती झकासच, काका. पण आत पिल्लं झोपलीत. देवाला झोपवताना शेजारती म्हणतात ना, तितका हळू करता येईल? तुम्हालाच जमेल."

"शेजारती? त्यात काय एवढं."

काकांनी स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला. छप्पन्न. चोपन्न. बावन्न. टक्. हिरवा. यंत्रातला बल्ब लागला आणि आत्याने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या सकाळी पहिलं अंडं तडकलं. शेजारीपाजारी जमले. काका जनरेटरपाशी उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले, "या पोरांनी आंबिवलीचं नाव काढलं. ही संचिता उद्या अख्ख्या जिल्ह्याला वीज देईल. अर्थात स्क्रू फिरवणारा हात अनुभवी हवा. तर मंडळी, मला एवढंच सांगायचंय की..."

"देवराम," आत्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "बॅटरी भरली. ते तेवढं बंद कर आणि तूही जरा थांब. पिल्लू काहीतरी म्हणतंय, ऐकू येत नाही."