पेरूच्या रद्दीतला उडता माणूस

रतननं रद्दीचा गठ्ठा सोडला आणि तिच्या हातात उडता माणूसच आला.

कळंबच्या आबासाहेबांची ती लेक. आईच्या आजारपणात लग्न लांबलेली, विशीची, सातवी पास. कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बागेतले पेरू पुण्याला जायचे, त्याआधी एकेक पेरू रद्दीत गुंडाळून करंडीत बसवायचं काम तिचं. कागद वाचल्याबिगर ही पेरूला लावेल तर शपथ. त्या दिवशी बारामतीहून आलेल्या रद्दीत एक रंगीत इंग्रजी पुस्तक निघालं. पानोपानी चित्रं. हिरवी तंग विजार, पाठीवर पिवळं उपरणं, आणि असा हा गडी चक्क रेल्वेचं इंजिन उचलून आभाळातून चाललेला.

"आगं बया... ह्यो कोण म्हणायचा?"

"वाचून दावू?" मागून कुणीतरी म्हणालं.

तो मानसिंग. निरवांगीचा, पंचविशीतला, फळांच्या ट्रकवर नवा लागलेला ड्रायव्हर. बारामतीला मॅट्रिकपर्यंत शिकलेला, असं त्यानंच सांगितलं. रतननं त्याला एकदा खालून वर पाहिलं... आणि पुस्तक पुढं केलं.

मग दर खेपेला करंड्या भरेपर्यंत दोन पानं, असा रिवाजच पडला. हा उडता माणूस दिवसा टपाल कचेरीत मान खाली घालून बसणारा कारकून. शेजारच्या टेबलावरची बाई पत्रं लावते, तिच्यावर याचा जीव. पण आपण कोण, ते सांगायला तोंड उघडेल तर ना! रतनला हसू यायचं. एवढा मिशीवाला बाप्या आणि पोरांच्या चित्रांत कसा गुंगतो, म्हणून ती त्याला चिडवायची. पण खेपेच्या दिवशी सकाळपासून तिचे कान ट्रकच्या आवाजाकडंच असायचे, हेही खरंच.

एक गोष्ट मात्र तिनं हेरली होती. चित्रात माणसाच्या तोंडाशी दोनच शब्द असायचे आणि मानसिंगचं सांगणं संपता संपायचं नाही. एकदा तर त्या बाईच्या हातांना पेरूचा वास येतो, असंही तो माणूस म्हणाला. रतननं नुसती मान खाली घातली.

आणि अशातच शेळगावचं स्थळ निघालं. रविवारी पाहुणे येणार, असं आबांनी ठरवूनही टाकलं. शुक्रवारी ट्रक आला. रतननं फळीवरचं पुस्तक काढलं, तर शेवटची चार पानं गायब. आई, बनाबाई, मागच्या खेपेला घाईत कागद शोधत होती. तिनं ती पानं पेरूंना गुंडाळून पुण्याला लावून दिली होती. रतनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मानसिंगनं पुस्तक हातात घेऊन फाटलेली कड चाचपली.

"शेवट तुमीच सांगा," ती म्हणाली. "रविवारी शेळगावची मानसं मला बघाया येणार हायती. नंतर ऐकाया मी नसंन."

त्याचा चेहरा उतरला.

"रतन... मला इंग्रजी येत न्हाय. मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलो. ह्यात काय लिव्हलंय, देवाला ठावं. मी सांगितलं ते समदं माझ्या मनातलं हुतं... तुझ्यासाठी."

"ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"टपाल कचेरीत पेरूचा वास आला, तवापासनं." ती हसली, डोळे पुसले. "आता मला सांगून काय उपेग? आबांना सांगा."

आता मागणी घालायची तर थोरल्या माणसांनी, ही रीत. नवऱ्या मुलानं स्वतः जायचं म्हणजे अघटितच. पण मानसिंगच्या घरचा थोरला म्हणजे चुलता, तो सोमवारपर्यंत परगावी, आणि बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. त्यानं हात पुसले आणि सरळ ओसरी गाठली.

आबा सुपारी कातरत होते. मानसिंगनं उभ्या उभ्याच सांगितलं. घर, शेत, नोकरी, भावकी... आणि शेवटी एकदाचं रतनचं नाव. अडकित्ता थांबला.

"थोरलं कुणी न्हाय व्हय रं तुझ्यात?"

"हायती, आबा. सोमवारी त्यांना घिऊन येतो. पण तवर उशीर झाला असता."

दाराआड रतनचा जीव टांगणीला लागला होता. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्या घरात आजवर कुठल्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं. रतनला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

रतन उंबऱ्यात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जमिनीकडं बघत, पण आबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माझं कवाच व्हय झालंय, आबा... हेंनी इचारायचंच ऱ्हायलं हुतं."