देवमाशाचा जबडा आणि दादाचा डावा पाय

बेटावर राहिलेला देवमाशाच्या पिल्लाचा जबडा आणायचा, एवढ्यासाठी ती तिघं ओहोटीच्या चिखलात उतरली होती.

दादा संग्रहालयात जनावरांचे सांगाडे जोडायचा. त्याच्या दालनात छताला टांगलेलं ते पिल्लू मणक्यापासून शेपटीपर्यंत पुरं होतं, फक्त खालचा जबडा नव्हता. बेटावरून बाकीची हाडं हलवताना दादा खडकावरून घसरला, डावा घोटा मोडला, आणि माणसाला आणायचं की जबडा, अशी वेळ आल्यावर लोकांनी माणूस आणला. त्या दिवसापासून दादा छताकडे बघून उसासे टाकत होता.

त्याची धाकटी बहीण मोडलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावायची. तिच्या उपचाराच्या खोलीत, आरशासमोरच्या दोन दांड्यांच्या मध्ये, तिने स्वतःच्या भावाला नव्याने चालायला शिकवलं होतं. टाच टेकव, भार बाहेरच्या कडेवरून पुढे आण, चवड्यावर घे, आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकल. हाड कधीच सांधलं होतं. भीती मात्र सांधत नव्हती. उजवा पाय झोकात टाकणारा दादा डावं पाऊल इस्त्री ठेवावी तसं सपाट ठेवायचा आणि सपाटच उचलायचा. पळणं तर दूरच राहिलं.

मोहिमेची म्होरकी होती वहिनी. ती शाळेत मुलांना पळायला शिकवायची, आणि हा किनारा तिचं माहेर. तिने निघतानाच बजावलं होतं की इथली भरती समोरून येत नाही. बेट आणि किनारा यांच्या मध्ये एक चर आहे, पाणी आधी त्यात भरतं आणि गुपचूप पाठीमागची वाट कापतं. चरात पाणी चमकलं की हातातलं काम टाकायचं नि परतायचं. दोघांनी माना डोलावल्या.

जाताना सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं झालं. चर कोरडा होता. चिखल घोट्याएवढाच. चिखलावरून सरकणारी फळीची रिकामी घसरगाडी दोराने ओढत ती खडकाळ बेटावर पोहोचली, तेव्हा लांबवर पसरलेल्या ओल्या वाळूवर ऊन सांडलं होतं आणि पाणपक्षी लगबगीने चोची मारत फिरत होते. जबडा कपारीतच होता, माणसाएवढा लांब, मिठाने पांढराफटक झालेला. दादाने त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

पण कपार तो सोडेना! पहार लावली, दोर लावला, वाळू उकरली. वहिनीने चराकडे बोट दाखवून एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. दादाचं आपलं एकच, आता निघतोय, आता निघतोय. अखेर जबडा सुटला, घसरगाडीवर बांधला, आणि ती परत फिरली तेव्हा चरात एक बारीक चकाकती रेघ उमटलेली होती.

आता चिखल तो चिखल राहिला नव्हता. खालून पाणी झिरपून त्याची लापशी झाली होती. वहिनी पुढे, धाकटी मागे, दादा मध्ये. गाडी जड झाली. श्वास फुलले. आणि चर जेमतेम हाकेच्या अंतरावर आला असताना दादाचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला!

त्याने पाय सरळ वर ओढला. चिखलाने तो आणखी घट्ट धरला. त्याने उजव्या पायावर जोर दिला, तर तोही रुतू लागला. वहिनीने दोर त्याच्या काखेतून घालून ओढला. दादा कळवळला, पण तसूभरही हलला नाही.

"थांबा," धाकटी म्हणाली. "ओढून तो निघायचा नाही. पाऊल सपाट आहे, खाली हवाच शिरत नाहीये."

दादाने एकदा चराकडे पाहिलं, एकदा घसरगाडीकडे. मग अगदी शांतपणे म्हणाला, "जबडा खाली काढा. फळी मला लागणार आहे."

वहिनीने गाठी सोडल्या. जबडा चिखलात कलंडला. रिकामी गाडी दादाच्या पुढ्यात सरकवली, तो तिच्यावर छातीने आडवा झाला आणि उजवा पाय मोकळा झाला. डावा अजून आतच! धाकटी चिखलात पालथी पडली आणि तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना बूट लागला, मग टाच. कित्येक महिने हीच टाच तिच्या तळहातात होती. डोळे मिटूनही तिने ती ओळखली असती.

"दादा, टाच आधी उचल. बोटं खालीच राहू दे. चालताना मागचा पाय कसा सुटतो, तस्सं."

"पुन्हा मोडेल गं."

"नाही मोडणार. मी धरलीये."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या हातातली टाच थरथरली. किंचित वर आली. चवड्यावर भार गेला, घोटा वाकला, आणि टाचेखाली हवा शिरल्याचा बुडबुडा फुटला! दादाने अंगठ्याने जोर दिला. पाय सुटला! बूट तेवढा आत राहिला.

फळीच्या आधाराने ती चिखलाबाहेर आली. पुढची वाळू टणक होती, पण चरातलं पाणी डोळ्यांदेखत रुंदावत होतं. चालून भागणार नव्हतं. दादाला ते कळून चुकलं, तरी तो जागीच उभा राहिला. चालताना एक पाय कायम जमिनीला धरून असतो, त्या आधारावर त्याने इतके महिने काढले होते. पळताना मात्र पळभर दोन्ही पाय हवेत असतात, आणि नेमका तोच पळ त्याला नको होता.

वहिनीने त्याचा दंड धरला. "माझ्याकडे बघ. पावलं लहान टाक. टाच आपटू नको, चवड्यावर उतर. तळव्याची कमान दाबली की ती आपणहून उसळते. चल."

दादा पळाला! पहिली काही पावलं फरफटलीच. मग अनवाणी डावं पाऊल चवड्यावर उतरलं, दबलं, उसळलं. पुन्हा उतरलं, पुन्हा उसळलं. धाकटी मागून पळत होती आणि तिची नजर त्या एका पावलावरून हटत नव्हती. चर आला! पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला! काठावरच वहिनीने दोर तिघांच्या कमरेला बांधला होता. प्रवाहाने धाकटीचे पाय उचलले. दोराला हिसका बसला. पण वहिनीचे पाय पलीकडच्या उतारावर टेकले होते, दादाचेही. दोघांनी मिळून तिला ओढून घेतलं.

किनाऱ्यावर तिघंही आडवी झाली. मग धाकटी रांगत दादाच्या पायाशी गेली. घोटा चाचपला, पाऊल वर केलं, खाली केलं, गोल फिरवलं.

"काय झालंय?" दादाने डोळे न उघडता विचारलं.

"चिखल झालाय. बाकी काही नाही."

हे ऐकलं आणि वहिनी रडायला लागली. अपघातानंतर, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, कुठेच जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आता हुंदके देत होती आणि रडता रडता नवऱ्याला शिव्या घालत होती. दादाने निमूटपणे सगळ्या ऐकून घेतल्या. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते धाकटीने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मागे बेट आणि जबडा दोन्ही पाण्यापलीकडे गेली होती. त्याने वळूनही पाहिलं नाही.

वहिनीच्या घराचा चढ चढताना दादा पुढे होता. दारात तिची आई उभी होती. चिखलाचे तीन पुतळे येताना बघून तिने आधी कपाळाला हात लावला, मग त्यांचे रिकामे हात पाहिले.

"जावईबापू, एवढी वणवण केलीत, आणि हाडं कुठायत?"

"आणली की सगळी," दादा उंबऱ्यावर बसत म्हणाला. "तिघांचीही. मोजून घ्या."