मावळतीशी पैज

चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळच्या त्या पठारावर पाय ठेवताच रेवा घोरपडे यांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की मागून येणाऱ्या निहारच्या शिरस्त्राणातला कर्णसंच करकरला. साताऱ्याला आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या रेवाबाई लेकीकडे चांद्रतळावर आल्या होत्या त्या हवापालटाला, म्हणजे हवा नसलेल्या ठिकाणी. पण डोंगर समोर दिसत असताना घरात बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन दिवसांच्या भटकंतीला त्यांनी जावयालाच बखोटीला धरून आणलं होतं. निहार तळावर अंतराळपोशाखांचा अभियंता होता आणि डोंगर लांबूनच छान दिसतात, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

“काय जावईबापू, दमलात? इथे तर वजनसुद्धा सहाव्या हिश्श्याचं!”

“पाय नाही दमले, आई. जीव घाबरलाय.”

समोर पश्चिमेला सूर्याची बारीक कोर क्षितिजावर टेकली होती. मागे पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांचा तंबू होता.

तेवढ्यात निहारच्या मनगटावर लाल दिवा लागला. त्याने दोनदा तपासून पाहिलं.

“आई, पोशाख गरम ठेवणारा माझा उष्णघट गेला. आता पोशाख चालतोय तो फक्त छातीवरच्या सौरपत्र्यांवर. ऊन आहे तोवर मी आहे. सावलीत गेलो तर पाव तासात गोठेन.”

“मग माझा घट घ्या!”

“तो पोशाखातच सांधलेला असतो, काढता येत नाही. मीच तसा बनवलाय.”

तळाच्या बचाव पथकात त्याची बायको ओवीच होती. तिने हे ऐकलं मात्र, ती कर्णसंचातून ओरडली, “आहात तिथेच थांबा! अडकलेल्या माणसाने जागा सोडायची नसते. गाडी घेऊन मी निघालेच. सहा तासांत पोहोचते.”

“सूर्य तासाभरात बुडेल,” निहार पुटपुटला. “आई, तंबूकडे पळू या.”

रेवाबाईंचं पाऊल पूर्वेकडे पडलंसुद्धा. उजेड आहे तोवर खाली उतरायचं, ही सह्याद्रीतली सवय. पण दुसरं पाऊल टाकण्याआधीच त्या थबकल्या.

“जावईबापू, आपल्याकडे संध्याकाळ जमिनीवरून किती वेगाने पुढे सरकते?”

“ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर. पण आत्ता हे काय मध्येच?”

“आणि इथे?”

“चंद्राला स्वतःभोवती फिरायला महिना लागतो. विषुववृत्तावर ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. ध्रुवाजवळ तर...” तो अडखळला. “दोनसुद्धा नाही.”

“म्हणजे मी भाजी आणायला जाते त्याहून हळू! अंधार पूर्वेकडून येतोय. तंबू केव्हाच त्यात बुडाला असेल. आपण पश्चिमेला चालायचं.”

“ओवीने थांबायला सांगितलंय.”

“ओवीला चालायला कोणी शिकवलं? चल बाळा, पाय उचल!”

जावयाला त्यांनी अरेतुरे केलेलं हे पहिल्यांदाच. दोघं निघाले. थोड्याच वेळात तळाचा संपर्क तुटला. निहारला वाटलं, आपण मदतीला पाठ दाखवून मरणाच्या दिशेने चाललोय. त्याला ओवीची फार आठवण आली. तापमानाचा आकडा खाली घसरत होता आणि तो पायांकडे बघत नुसता चालत होता.

मग आकडा थांबला. हळूहळू वर चढू लागला. निहारने मान वर केली. कोर जाड झाली होती.

“आई! सूर्य उगवतोय! पश्चिमेला!”

“तुम्ही त्याच्याहून भरभर चाललात, मग तो बिचारा दुसरं काय करणार?” रेवाबाई हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

निहारने आनंदाने अशी उडी मारली, की खाली यायला त्याला चांगलाच वेळ लागला. सूर्य अर्धा वर आला, तेव्हा त्यांनी खडकावर बसून चक्क गाण्याच्या भेंड्या लावल्या. सूर्य पुन्हा कलला, तसे ते उठले आणि चालत चालत त्यांनी त्याला पुन्हा वर काढलं.

ओवीची गाडी पठारावर पोहोचली तेव्हा तिथे मिट्ट काळोख होता. दिव्याच्या झोतात दोन माणसांची पावलं पश्चिमेला गेलेली दिसली. त्या ठशांमागे ती गाडी पळवत राहिली, आणि काळोखातून निघून एकदम उन्हात आली. समोर आई आणि नवरा हातवारे करत भांडत होते. ‘ळ’वरून गाणं सुचत नव्हतं.

गाडीत येताच निहारने शिरस्त्राण काढलं. ओवीने त्याला घट्ट धरलं.

“मी थांबायला सांगितलं तिथे आता अंधार आहे,” ती कशीबशी म्हणाली. “माझं ऐकलं असतंस तर...”

निहारने तिचे डोळे पुसले. मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, “राखीव पोशाख आणलायस ना? दे इकडे, आणि तुझाही चढव. सूर्य बुडायला आलाय. चल, तुला उगवून दाखवतो.”