गास्तोंच्या चित्रातली कोरी जागा

फ्रान्समधल्या कोलिऊर गावच्या किनाऱ्यावर फाटकी जाळी सांधत बसलेल्या रेमेय कोळणीला त्या पॅरिसच्या चित्रकाराचा भारी वैताग यायचा. समोर करडी वाळू, निळं आभाळ. आणि हा गास्तों बाबा वाळू लालभडक रंगवणार, आभाळ हिरवं! आणि वर चित्राचं कापड जागोजागी कोरंच सोडणार.

"अहो पाहुणे, एवढी भोकं? आमच्या जाळ्याला असती तर चिंगूळसुद्धा हाती लागलं नसतं."

"असू देत. तिथूनच उजेड येतो," तो हसून म्हणाला.

एरवी तिने आणखी चार टोमणे हाणले असते. पण वादळातून सगळ्या होड्या परतल्या होत्या, फक्त तिच्या नवऱ्याची, बाल्दिरीची नाही. आज तिसरा दिवस. शेजारणी तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

चित्रात क्षितिजापाशी एक कोरी जागा होती, शिडाच्या आकाराची. सकाळी ती चित्रातल्या किनाऱ्यापासून याहून दूर होती. भोकं हेरण्यात रेमेयचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

"ही तुम्ही सरकवलीत?"

"कोरी जागा कशी सरकवणार, बाई?" म्हणत गास्तोंने पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "बुजवूनच टाकतो." त्याने ब्रश लाल रंगात बुडवला.

रेमेयने त्याचं मनगट पकडलं. "हात लावाल तर याद राखा! माझा माणूस आहे तिथे."

दोघं बघत राहिले. भर दुपारी ती जागा चित्रातल्या वाळूला टेकली.

रेमेयने मान वर केली. अगं बाई! अख्खा किनारा पेटला होता. वाळू लाल, आभाळ हिरवं, सावल्या नारिंगी. इतकं सुंदर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. डोळे आपोआप भरून आले.

होडी काठाला लागली होती.

"आला गं तुझा!" बायका ओरडल्या.

बाल्दिरी उतरून चालत आला. तोच, तसाच, दाढी वाढलेला.

"रेमेय, काही खायला आहे का गं? पोटात कावळे ओरडतायत."

ती धावली, आणि अर्ध्यावर थबकली.

त्याचं पाऊल पडे तिथला लाल रंग निघून जात होता. ठशांमध्ये वाळू नव्हती. जाडंभरडं कोरं कापड होतं, उभे-आडवे धागे स्पष्ट दिसत होते.

"आहे ना. चल घरी," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.

तिची बोटं त्या कापडासारखी कोरी, पांढरी पडली, मग मनगट. तिने हात सोडला नाही.