छपरावरचे बगळे

"चोर कोण ते मला माहीत आहे," अकेयो म्हणाली. "पुरावा तेवढा हवा."

"पुरावा नसतानाच सगळ्या बंदरासमोर चोर म्हणालीस की," तिचा मित्र ओपोन्दो याने टोमणा मारला. त्याची धाकटी बहीण अविती फिस्सकन हसली.

खरंच म्हणाली होती. काल, उंबराच्या झाडाखाली, सगळे मोटरसायकलवाले जमले असताना. सरोवराकाठच्या त्या बंदरावर आता पेट्रोलऐवजी विजेच्या मोटरसायकली धावत. न्यामवेया काका बॅटरी केंद्राच्या छपरावरच्या सौर पाट्यांवर बॅटऱ्या भरत. चालक रिकामी बॅटरी ठेवून भरलेली घेऊन जात. पण हल्ली बॅटऱ्या अर्ध्याच भरत. अकेयोचा दादा तर प्रवाशासकट चढावर अडकला होता. सोमवारी गाड्या आणि बॅटऱ्या पुरवणाऱ्या कंपनीचे लोक यायचे होते. असंच चाललं तर ते केंद्र दुसऱ्या बंदरावर हलवणार, दादाची गाडीही नेणार.

"हे काका वीज बाहेर विकतात. डोंगराकडचा माणूस, त्याला आपलं काय?" असं अकेयो बोलून गेली होती. काका हातातली बॅटरी पुसत राहिले होते.

शाळेला सुट्टी होती. तिघं सकाळपासून उलट्या होडीआड दबा धरून बसली होती. काका बॅटऱ्या लावत होते, काढत होते. बाकी काही घडत नव्हतं.

"मला भूक लागली," अविती कुरकुरली. "त्या बगळ्यांनाही लागलेली दिसतेय."

केंद्राच्या छपरावर बगळ्यांची रांग होती. शेजारच्या एकाही छपरावर बगळा नव्हता.

"तिथे त्यांना काय मिळतंय?" अकेयो उठली. मागे शिडी लावलेली होती. ती भराभर वर चढली आणि तिथेच थबकली.

सौर पाट्यांवर बोटाएवढी चंदेरी ओमेना मासळी वाळत पसरली होती. आणि ती हाताने उलटत बसली होती तिची आई.

"आलीस? त्या बगळ्यांना हाकल आधी," आई म्हणाली.

"आई, इथे का वाळवतेस?"

"खाली वाळू लागते, कोंबड्या येतात, शेळ्या तुडवतात. इथे कसं स्वच्छ आणि गरम, वर कुणी फिरकतही नाही. आमच्या बायकांच्या गटाच्या मासळीला असा भाव कधी आला नव्हता."

"अगं, पाट्यांना ऊनच मिळत नाही."

"एवढीशी मासळी ती. तेवढ्याने कुठे ऊन अडतं?"

अकेयोने वाद घातला नाही. "ओपोन्दो, आत जाऊन विजेचा आकडा बघ," तिने खाली सांगितलं आणि एका पाटीवरची मासळी टोपलीत भरली. खवल्यांचा चिकट थर ओल्या फडक्याने घासून काढला.

"वाढला," खालून आवाज आला. दुसरी पाटी मोकळी झाली. "आणखी वाढला."

आईने टोपलीकडे बघितलं. "आणि केंद्र सुरू करायच्या सभेत सूर्याच्या विजेचं भाषण मीच ठोकलं होतं."

शिडीपाशी ओपोन्दो कुजबुजला, "गुपचूप पुसून टाकू. कुणाला कळणार आहे?"

अकेयोला तेच हवं होतं. आईचं नाव निघणार नव्हतं. पण मग काल चोर म्हटलेला माणूस चोरच राहिला असता.

सोमवारी बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. केंद्र हलणार नाही, असं कंपनीच्या लोकांनी सांगितलं. झाडाखाली आई स्वतःहून उभी राहिली आणि मासळीची गोष्ट सांगून खाली बसली. लोक खो खो हसले. बंदराचे प्रमुख ओबारा आजोबा म्हणाले, "पण पोरांनी शोधून काढलं. अकेयो, पुढे ये. हुशार गं पोरी. बंदराची लाज राखलीस."

अकेयो पुढे आली. मान वर होईना.

"आजोबा, मला शाबासकी नको. इथेच उभी राहून मी न्यामवेया काकांना चोर म्हणाले होते. ते चोर नव्हते." ती काकांकडे वळली. "डोंगराकडचे म्हणाले, तेही नको होतं म्हणायला."

हसू थांबलं. त्या दिवशी तिच्या बोलण्यावर माना डोलावणारे कितीतरी जण आता जमिनीकडे बघत होते.

काका उठून तिच्यापाशी आले.

"तीन पाट्यांना खवले अजून चिकटलेत," ते म्हणाले. "बादली घे. मी शिडी धरतो."